पाणी मोजायचं कोण? (ओमानचे फलज आणि आपल्याकडचे पाट)

माणदेशी_मस्कतकर

मंडळी, मूळ गाव माणदेशात. आमच्याकडचा पाऊस पाहुण्यासारखा. येतो म्हणून सांगतो आणि दुसऱ्याच गावाला उतरतो. नोकरीसाठी मस्कतला येऊन ११ वर्षं झाली. इथला पाहुणा तर निरोपही पाठवत नाही. वर्षाला १०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस, त्यापुढे आमचा माण म्हणजे कोकण.

तरी 'हजर' नावाच्या डोंगररांगेच्या पायथ्याला खजुरीच्या बागा आहेत, खाली लसूणघास, मधूनमधून लिंबू. या बागा ज्या पाण्यावर उभ्या आहेत त्याला फलज म्हणतात (अनेकवचन अफलाज). शब्दाचा मूळ अर्थ वाटणी, हिस्से करणे. हे विसरू नका, पुढे लागणार आहे.

रचना साधी, करायला महाकठीण. डोंगराच्या पायथ्याशी भूजल लागेल तिथे खोल विहीर. तिला 'उम्म अल फलज' म्हणजे फलजची आई म्हणतात. तिथपासून गावापर्यंत जमिनीखालून बोगदा, उतार किलोमीटरला मीटरभर. जास्त उतार दिला तर पाणी तळ खरवडतं, कमी दिला तर गाळ बसतो. ठरावीक अंतरावर उभी विवरं: खणताना माती वर काढायला, खाली हवा जायला, पुढे साफसफाईला. वरून बघितलं तर एखाद्या भल्यामोठ्या उंदराने सरळ रेषेत बिळं उकरत गेल्यासारखं दिसतं. (सगळे फलज असे नसतात. काही वाडीतलं म्हणजे नदीपात्रातलं वाहतं पाणी वळवतात, काही झऱ्याचं. बोगदेवाल्यांना 'दाऊदी' म्हणतात. दाऊदचा मुलगा सुलेमान पैगंबर याने जिनांकडून एका दमात खणून घेतले अशी दंतकथा आहे.)

गेल्या महिन्यात बिरकत अल मौझला गेलो होतो. मौझ म्हणजे केळी, गावात केळीही आहेत. तिथला खतमैन नावाचा फलज उघड्यावर आला की एका जागी त्याचे तीन सारखे फाटे केलेत. मी रिकामटेकडा, तिन्ही तोंडांत एकेक वाळकं पान सोडून बघितलं. तिन्ही पानं बरोबरीने गेली. आमच्या गावी तीन भावांत विहीर वाटली तेव्हा तलाठी, वकील, मामलेदार एवढे सगळे लागले होते.

पाणी गावात शिरतं तिथे आधी पिण्याचं भरायचं. मग मशीद, मग आंघोळी-धुणी, मग खजुरी, आणि उरलं तर शेवटी हंगामी पिकाची जमीन. बागेतलं पाणी वेळेवर मोजतात. 'अथर' म्हणजे साधारण अर्धा तास, असे २४ अथर म्हणजे अर्धा दिवस. दिवसा काठीची सावली, रात्री ताऱ्यांचा उदयास्त. हे बघणारा माणूस अरीफ, वरचा कारभारी वकील (कोर्टातला नव्हे). हिस्सा वारसाने येतो, विकता येतो, भाड्याने देता येतो. काही अथर खुद्द फलजच्या नावावर असतात. त्यांचा लिलाव होतो आणि ते पैसे गाळ काढायला.

यातले पाच फलज २००६ साली युनेस्कोच्या वारसायादीत गेले. चालू असलेले अजून ३००० च्या आसपास आहेत, त्यामुळे हे म्युझियममधलं प्रकरण नाही.

आता मुद्दा. एका गावात कोरडा फलज बघितला. बोगदा शाबूत, चर शाबूत, पाणी नाही. एका म्हाताऱ्याला मोडक्यातोडक्या अरबीत विचारलं, कधी आटला? तो म्हणाला, आधी सावलीची काठी पडली, ती कुणी उभी केली नाही, मग पाणी गेलं.

तेव्हापासून डोक्यात हेच. आपल्याकडे अशी वाटणी कुठे होती? आणि आधी काय जातं, पाणी की मोजणारा?

---

कट्ट्यावरची

फोटो हवेत! पानं सोडून बघणं आवडलं. वाचतेय.

---

पांझराकाठ

माणदेशी दादा, दंडवत घ्या. आम्ही साक्री तालुक्यातले, जिल्हा धुळे. आमच्याकडे फड होते. काही ठिकाणी मोडकेतोडके अजून आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून दगडी बंधारे. पाणी साठवायला नव्हेत, नदी थोडी अडवून बाजूला वळवायला. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटातून चाऱ्या, चारीतून सारंग, सारंगातून वावर. जास्तीचं पाणी सांडव्याने परत नदीत. सगळं उताराने, एक थेंब उपसायचा नाही.

खरी गंमत पाण्याच्या पुढे आहे. पाटाखालच्या सगळ्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे पाडलेले, एकेक तुकडा म्हणजे एक फड. एका फडात एका वर्षी एकच पीक. या फडात ऊस तर अख्ख्या फडात ऊस, त्या फडात गहू तर सगळा गहू. कोणत्या फडात काय आणि पाणी कमी असेल तर कोणता फड पडीक टाकायचा, हे गाव बसून ठरवायचं. आणि आमच्याकडच्या बहुतेक घरांचं थोडं थोडं रान प्रत्येक फडात. त्यामुळे एक फड पडीक टाकला की सगळ्यांचंच थोडं बुडायचं. कुणा एकाचं सगळं बुडालं असं होत नसे.

पाणी सोडायला पाटकरी. तो सगळ्यांच्या वावरात बारे द्यायचा, मालकाने बांधावर जायचंही कारण नाही. राखणीला जागल्या. पगार धान्यात. आजोबा सांगत, पाटकऱ्याने हाळी दिली 'पानी उनं रे भो' की बायका हंडे-कपडे घेऊन पाटावर.

तुमच्या प्रश्नाचं आमच्यापुरतं उत्तर: आमच्याकडे पाणी वाढलं आणि फड मेला. वर धरणं झाली. मोसमवर हरणबारी, आरमवर केळझर, पांझरेवर लाटीपाडा. गावोगाव वीज आली, विहिरीवर मोटर बसली. स्वतःची मोटर असलेला माणूस पंचांपुढे मांडी घालून कशाला बसेल? ज्याला जे पेरायचं ते पेरलं. गव्हाच्या फडात मधेच ऊस उभा राहिला की पाळीचा हिशेब तिथेच संपतो, कारण उसाला बारा महिने पाणी आणि गव्हाला चार.

---

खवचट_खारीक

धागा छान. आता थोडं मीठ टाकतो.

१. म्हाताऱ्याचं वाक्य सुंदर आहे. वाक्य सुंदर आहे म्हणून खरं होत नाही. फलज आटला असेल तर वरच्या अंगाला कुणीतरी बोअर मारलं असेल. काठी पडल्याने भूजल उतरत नाही.

२. 'गाव बसून ठरवायचं' यातलं गाव म्हणजे कोण? ज्याचं पाटाखाली रान त्याचं गाव. बाकीच्यांचं काय?

३. ३००० फलज मिळून आजचं मस्कत एक दिवस तरी जगवतील का? तुम्ही नळाला तोंड लावता ते पाणी समुद्राचं, खारेपण काढलेलं. होय की नाही?

---

माणदेशी_मस्कतकर

खारीकराव, तिसऱ्याला होय. शहर समुद्राच्याच पाण्यावर चालतं, त्याबद्दल वादच नाही. पहिल्याला... बोअर होतं. म्हाताऱ्यानेच बोट करून दाखवलं, त्याच्या पुतण्याचं.

---

शेजपाळी

पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं काढून निवृत्त झालो. आयडीवरून कळलंच असेल.

खारीकरावांचा पहिला मुद्दा तांत्रिकदृष्ट्या बरोबर, पण अर्धा. फलज काय, इराणची कनात (तसाच जमिनीखालचा पाण्याचा बोगदा) काय, दोन्हींचा एक गुण नीट समजून घ्या. बोगद्याच्या पातळीच्या वर जेवढं भूजल आहे तेवढंच त्यात उतरतं. दुष्काळात प्रवाह बारीक होतो, पण ती व्यवस्था जमिनीला ओरबाडू शकत नाही. तशी सोयच तिच्यात नाही. बोअरला मात्र तळ नसतो. पाणी खाली गेलं की पाईप खाली. तेव्हा एकाच भूजलावर फलज आणि बोअर आमनेसामने आले की फलज हरणार, आणि तोही आईविहिरीकडून. इराणमध्ये विसाव्या शतकात मोटरपंपांनी कनातींचं हेच केलं.

अर्धा का म्हणालो, तर बोअर मारायला पुतण्याला कुणी अडवलं नाही म्हणून. ज्या गावात वकील-अरीफ यांचा शब्द चालतो तिथे आईविहिरीच्या आसपास खणायची कुणाची छाती होत नाही. काठी आधी पडते ती या अर्थाने. म्हातारा भूजलशास्त्र सांगत नव्हता, आपल्या घरातलं सांगत होता.

आता पांझराकाठ यांच्यासाठी, आणि हे जरा कडू आहे. आमच्या खात्याची पद्धतही पाळीचीच आहे, नाव शेजपाळी. आवर्तन सुटलं की एकाच्या शेजारी दुसरा, क्रमाने पाणी. कागदावर फडापेक्षा वाईट नाही. पण त्यात मोजणारा बाहेरगावचा. कालवा निरीक्षकाची बदली होते, पाटकऱ्याच्या जागा भरल्या जात नाहीत, आणि टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटचा, शेतकरी रात्री कंदील घेऊन वरच्याचं दार बंद करायला निघतो. मी अशी भांडणं मिटवायला रात्री दोन वाजता जीपने गेलोय. डोकी फुटलेली बघितलीत. फडाच्या पाटकऱ्याला सकाळी त्याच लोकांत तोंड दाखवायचं असे, आणि खळ्यावर त्यांच्याच हातून धान्य घ्यायचं असे. मला पगार ट्रेझरीतून मिळायचा.

---

पांझराकाठ

काका, पहिल्यांदा खात्यातल्या माणसाने हे लिहिलेलं वाचतोय.

---

कट्ट्यावरची

शेतीची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, ही पण पाळीच की. फक्त साप-विंचू आपल्या वाट्याचे.

---

बऱ्हाणपूरची_सून

माहेर रावेर, सासर बऱ्हाणपूर. मध्ये राज्याची हद्द आहे, भाषेची नाही.

तुम्ही लांब ओमानला कशाला जाता, आमच्या गावात तुमच्या त्या उंदराच्या बिळांची रांग आहे. कुंडी भंडारा. (लोक खूनी भंडाराही म्हणतात.) १६१५ साली अब्दुर्रहीम खान-ए-खानान इथे सुभेदार असताना एका इराणी जाणकाराने हे काम केलं. सातपुड्यातून तापीकडे जमिनीखालून झिरपणारं पाणी बोगद्याने अडवून गावात आणलं. वरून सुमारे शंभर कुंड्या, म्हणजे तीच उभी विवरं. एका कुंडीत लिफ्ट बसवलीय, तिने खाली उतरता येतं. गुडघाभर पाणी, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर चुन्याचा पांढरा थर. सासऱ्यांच्या भाषेत, भांड्यात चहा उकळून उकळून बसतो तसा. चव मात्र गोड.

हे पाणी मुळात फौजेसाठी आणि शहरासाठी. दख्खनवर चढाई करणाऱ्या मुघलांचा तळच इथे. त्यामुळे अथर-बिथर नाही, शेतकऱ्यांच्या पाळ्या नाहीत. कारंजी, हौद, हमाम. काही भागाला अजून पाणी पुरतं. पण माझ्या बघण्यात कुंडीवर झाकण ठेवायची काळजी कुणाची, हे कधी ठरलेलं नसतं. कचरा पडतो, वर घरं चढतात. आपल्याला काय, नळ आहे.

---

नहरीकाठचा

संभाजीनगरहून हजेरी. बऱ्हाणपूरच्या ताईंनी जे लिहिलं तेच आमचं, फक्त मालक दुसरा. मलिक अंबर मुघलांशी लढणारा आणि खान-ए-खानान मुघलांचा, पण पाणी आणायची विद्या दोघांची एकच. युद्ध जमिनीवर, खालून सगळे इराणी.

अंबरने १६१० मध्ये खडकी (म्हणजे आजचं आमचं शहर) वसवली आणि पुढच्या काही वर्षांत हर्सूलच्या बाजूने भूमिगत नहर आणली. नहर-ए-अंबरी. खापरी नळ, दगडी गाळे, आणि मध्ये मध्ये विटांचे उंच मनोरे, त्यांना आम्ही बंबे म्हणतो. नळात कोंडलेली हवा तिथून सुटायची आणि पाणी पुढच्या चढाला लागायचं. पुढे पाणचक्कीचं काम झालं तेही याच पठडीतलं. डोंगरातलं पाणी नळाने आणून उंच भिंतीवरून पाडायचं, त्याच्या जोरावर जातं फिरवायचं, दर्ग्यात येणाऱ्यांसाठी पीठ. पर्यटक सेल्फी काढतात ती तीच भिंत.

लहानपणी आमच्या वाड्यात नहरीचं पाणी येणारा हौद होता. मी कोरडाच बघितला. आजी सांगायची, हौद भरला की तोटी बंद करायची, पुढच्या हौदाला जाऊ द्यायचं, नाहीतर पुढच्या गल्लीतली बाई येऊन तुझ्या सात पिढ्या उद्धरायची. म्हणजे अरीफ होता. नऊवारीतला.

(अवांतर: बीदरला नौबादची करेझ बघून या. बहमनी काळातली, पंधराव्या शतकातली, तीनेक किलोमीटर लांब. बरीच वर्षं गाळात गाडली गेली होती, आता साफ केलीय. कठीण जांभा कापून केलेला बोगदा आहे, उतरताना जपून. विजापूरची सुरंग बावडीही याच कुळातली.)

---

वाळूतला_मराठी

मी जैसलमेरला ३ वर्षं होतो, बदलीवर. दोनच गोष्टी सांगतो.

एक, खडीन. पालीवाल लोकांचं काम. खडकाळ उतारावरचं पावसाचं पाणी खालच्या सखल जागी मातीच्या बांधाने अडवायचं. पाणी जिरून जमीन ओली झाली की त्या ओलीवर गहू-हरभरा. वरून एक पाणी नाही. पाऊस २०० मिलीमीटरच्या आत, आणि गहू! आपल्याकडच्या दादर ज्वारीवाल्यांना ही ओलीची भाषा कळेल.

दुसरी गोष्ट धाग्याच्या विषयाची. तिथे बोलण्यात पाण्याला तीन नावं आहेत. पावसाचं वरचं ते पालर, खोल विहिरीचं ते पाताळ, आणि मधलं ते रेजाणी. हे रेजाणी म्हणजे वाळूत जिरलेलं पाणी. काही ठिकाणी वाळूखाली खडियाचा, जिप्समचा थर असतो. तो पाण्याला खाली जाऊ देत नाही, म्हणून खालच्या खाऱ्या पाण्यात ते मिसळत नाही. ते मिळवायला कुई खणतात. कुई म्हणजे चिंचोळी विहीर, एक माणूस बसून खणेल एवढीच रुंद, तोंड आणखी लहान. रात्रभर कडांतून ओल पाझरून तळाशी दोन-तीन घागरी जमतात. तेवढंच.

कुई प्रत्येकाची स्वतःची. पण जागा गावाची. नवी कुई खणायची तर गावाची परवानगी, कारण त्या वाळूत ओल आहे तेवढीच आहे. नवी कुई म्हणजे नवं पाणी नव्हे, जुन्यांच्या घागरीतला वाटा. हे तिथल्या शेळ्या राखणाऱ्या पोराला माहीत होतं. आपल्याकडे शेजाऱ्याने ५०० फूट मारलं की आपण ७०० मारतो.

---

खवचट_खारीक

या शेवटच्या ओळीवर मी गप्प.

पण माझा दुसरा मुद्दा कुणी उचलला नाही. जमीन नाही त्याचं काय? फडाचा पंच जमीनवाला, फलजचा हिस्सेदार बागवाला. आपल्या गावांत तर पिण्याच्या पाण्यालाही कोण शिवू शकतो यावर काय काय झालंय ते सगळ्यांना माहीत आहे. महाडचं तळं १९२७ सालचं, फार जुनं नाही. 'गाव बसून ठरवायचं' म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो तो त्यामुळे. बाहेरगावचा कालवा निरीक्षक, काका, काहींना देवासारखा वाटला असेल.

---

शेजपाळी

वाटला असेल. हे मी धरून चाललो नव्हतो. मान्य.

---

पांझराकाठ

आमच्याकडचा जागल्या, पाटकरी कोणत्या समाजाचे होते ते लिहायचं मी टाळलं. खारीकभाऊंनी बरोबर तिथेच बोट ठेवलं. त्यांना धान्य मिळायचं, फडात रान नव्हतं. आणि गाळ काढायला पाटात उतरायचे तेच.

---

पुरंदरचा_पण_पुरंदरे_नव्हे

खारीक यांच्या प्रश्नाला आमच्या तालुक्यात एकाने उत्तर देऊन ठेवलंय. विलासराव साळुंखे. पेशाने इंजिनिअर, पुण्यात कारखाना. १९७२ चा दुष्काळ बघून पुरंदरच्या नायगावला आले, देवस्थानची माळरानाची जमीन घेतली, बांध-बंदिस्ती करून पाणी अडवून दाखवलं. त्यातून पाणी पंचायत निघाली.

नियम ऐका. पाणी जमिनीवर नाही, माणसावर. घरात माणसं किती त्यावर वाटा, माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि कुटुंबाला अडीच एकराची मर्यादा. तुमच्याकडे वीस एकर असोत, पाणी अडीचच एकराला. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तर पाणी तिच्याबरोबर जात नाही, पंचायतीकडे परत. ऊस बंद. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लोकांनी घालायचा.

माणदेशी, तुम्ही लिहिलंत की ओमानमध्ये पाण्याचा हिस्सा वेगळा विकता येतो. म्हणजे तिथेही पाणी जमिनीपासून सुटं आहे. पण तिथे ते सुटून बाजारात गेलं. इथे साळुंखे यांनी ते सोडवून ताटावर आणलं.

सगळ्या योजना टिकल्या का? नाहीत. वडील एका योजनेचे सभासद होते. विजेचं बिल थकलं, दोन घरांनी चोरून ऊस लावला, बैठक भरेना. पण ज्या वर्षी चालली त्या वर्षी वडिलांनी पहिल्यांदा घरच्या गव्हाची पोळी खाल्ली. आमच्यात गहू सणाला.

---

कट्ट्यावरची

हिवरे बाजारचं पण लिहा ना कुणीतरी. तिथे बोअरवर शेती करायला बंदी आहे आणि दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात. पोपटराव पवारांचं गाव. ती पण सावलीची काठीच. तिथे कुणीतरी पुन्हा उभी केली.

---

घटकाभर

इतके दिवस नुसती वाचत होते. आता राहवत नाही.

नवऱ्याबरोबर इराणला यझ्दला गेले होते. तिथल्या पाण्याच्या संग्रहालयात कनातीची सगळी हत्यारं मांडलीत. खणणाऱ्या मुकन्नीची पांढरी टोपी, दिवा, रहाट. तिथल्या झारच कनातीची लांबी ७० किलोमीटरच्या वर आहे हे वाचून नवरा दगड होऊन उभा. पण मी अडकले दुसऱ्याच काचेपुढे. आत एक तांब्याची वाटी. बुडाला बारीक भोक. मोठ्या भांड्यात पाणी, त्यात ही वाटी तरंगत सोडायची. भोकातून पाणी चढत चढत वाटी बुडाली की एक माप. मीराब, म्हणजे त्यांचा पाटकरी, बाजूला बसून किती वाट्या बुडाल्या ते खडे टाकून मोजायचा. तेवढं पाणी एकाचं, मग दार फिरवायचं.

मी जोरात म्हणाले, "अगं बाई, घटिकापात्र!" बाकीचे पर्यटक बघायला लागले.

आमच्या घरी आहे ते. पणजोबा लग्नं लावायचे. मुहूर्ताला घटका भरली की भटजी ओरडायचे आणि अंतरपाट दूर. हीच वाटी, हेच भोक. त्यांनी पाण्याला लावली, आपण लग्नाला.

हा धागा वाचून काल ते माळ्यावरून काढलं. स्टीलच्या पातेल्यात सोडलं, मोबाइलवर वेळ लावली. घटका म्हणजे २४ मिनिटं ना? आमची २१ मिनिटं ४० सेकंदांत बुडाली! तीनदा करून बघितलं. आई म्हणते, पिढ्यान्‌पिढ्या चिंचेने घासून भोक मोठं झालं असणार. म्हणजे आमच्या घराण्यात लागलेली कितीतरी लग्नं मुहूर्ताच्या आधीच लागली.

---

खवचट_खारीक

आता काही घटस्फोटांचा उलगडा होतोय.

---

शेजपाळी

ताई, लग्नाचं मला कळत नाही. पाण्यापुरतं सांगतो. तुमची वाटी २१ मिनिटांची असली तरी पाळीत कुणाचं नुकसान नाही. सगळ्यांना तीच वाटी लावली की पुरे. प्रत्येकाला थोडं कमी मिळतं, पण पाळीही तेवढीच लवकर फिरून येते. सावलीच्या काठीचंही तसंच, उन्हाळ्यातला दिवस आणि हिवाळ्यातला दिवस सारखा नसतो, तरी चालतं. भांडण कधी? दोन वाट्या झाल्या की. आम्ही चारीवर मीटर बसवले तेव्हा शेतकरी म्हणाले, साहेब मीटर तुमचा, घड्याळ आमचं. चार महिन्यांत मीटर फुटले. मी तेव्हा त्यांना अडाणी म्हणालो होतो.

---

पांझराकाठ

काका 😄 आमच्याकडचे पण फुटले. कुणी फोडले ते विचारू नका.

माणदेशी दादा, त्या पुतण्याच्या बोअरला अजून पाणी आहे का?

---

माणदेशी_मस्कतकर

परवा मुद्दाम गेलो होतो. बोअर चालू आहे. पण पाणी मचूळ झालंय, खजुरीला चालतं, लिंबं वाळली. बागेत आता पाणी सोडायला एक बांगलादेशी मुलगा आहे, सिल्हेटचा. त्याला फलज म्हणजे काय ते ठाऊक नाही, पण चरातलं दार चिंध्या-दगड लावून बंद करायची त्याची हातोटी बघत राहावी अशी.

म्हातारा भेटला नाही. मुलाकडे सोहारला गेलाय म्हणे. काठीची जागा पुतण्याने दाखवली. मशिदीमागे दगडांचा एक अर्धगोल आहे, अथर मोजायच्या खुणांचा. मध्ये काठीचं भोक. पुतण्या तिथे गाडी लावतो.

फोटो काढलेत, कट्ट्यावरची. रात्री चढवतो.